आधी मोजून ठेवणारी माणसं

आमच्या शाळेत नववीच्या बाकावर कागदाचा एक तुकडा ठेवलेला असतो. त्यावर जाड काळ्या चौकटीत एक खूण छापलेली आहे. मुलं तिच्यावर फोनचा कॅमेरा धरतात आणि पडद्यावर त्या कागदातून एक छोटी मूर्ती वर येते. फोन बाजूनं फिरवला की मूर्तीची कूस दिसते, जवळ नेला की गुडघ्याची वाटी. पाहुणे आले की मुख्याध्यापक हे कौतुकानं दाखवतात आणि ‘आमच्या बाईंनी केलंय’ असं सांगतात. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर जी माणसं उभी राहतात, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे.

या तंत्राला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. समोरचं खरं जग दिसतच राहतं आणि त्यात तिथं नसलेली वस्तू मिसळून दाखवली जाते. कागदावरचा चौकोन कॅमेऱ्याला किती तिरका आणि केवढा दिसतोय, यावरून फोन कुठे आणि किती लांब धरलाय याचा हिशेब होतो. मग मूर्ती त्या कोनातून पुन्हा काढली जाते, सेकंदाला कितीतरी वेळा. हिशेब यंत्राचा खरा, पण मूर्तीची उंची, खांद्याचा उतार, हाताचा बाक यंत्राला कुणीतरी आधी द्यावा लागतो. फोनमध्ये जे उभं राहतं ते आधी कुणीतरी मोजलेलं, वाचलेलं, जपलेलं असतं. माझं ऋण आहे ते या ‘कुणीतरी’चं.

त्यातले पहिले आमचे मोडीचे काका. दप्तरात नोकरी करून निवृत्त झालेले, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माडीवर राहणारे. आयुष्यभर त्यांनी आपलं नाव कुठे छापू दिलं नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, करवीर राज्याचे कागद आहेत. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी याच मातीत राहून ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड सिद्ध केले. एवढा खजिना दाराशी असलेल्या गावात मी इतिहासाची पदवी घेऊन शिकवायला लागले आणि मला एकही मूळ कागद वाचता येत नव्हता. ते कागद मोडी लिपीत, आणि मोडी तेव्हा अभ्यासक्रमात नव्हती. काकांकडे संध्याकाळी जाऊन बसायची मुभा मात्र कुणालाही होती. फी नव्हती. चपला जिन्यातच काढायच्या आणि दौत सांडायची नाही, एवढीच अट.

ते अक्षरांपासून शिकवायचे नाहीत, रेघेपासून शिकवायचे. मोडी लिहिणारा आधी डावीकडून उजवीकडे सलग रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. हात शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही, पूर्णविराम नसतो, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक पाळलेला नसतो. ‘कागद हाती आला की मजकुराकडं धावायचं न्हाई. आधी तारीख,’ असं ते म्हणायचे. ‘छ’ दिसला की पुढे चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना येणार. ‘सुहूर सन’ दिसला की वर्ष अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेलं असणार, ते उलगडून इसवी सनात आणायचं. कागदातला काळ हाती लागला की माणसं आपोआप जागेवर बसतात.

त्यांच्या वह्या मी अजूनही रोज आठवते. डाव्या पानावर मोडी मजकूर ओळीला ओळ जसाच्या तसा उतरवलेला. उजव्या पानावर त्याच ओळींचं बाळबोध, म्हणजे देवनागरी. जिथे अक्षर नक्की लागलं नाही, तिथे शब्दाखाली टिंबांची रेघ. कागदाला कसर लागून मजकूर गेला असेल तिथे मोकळी जागा, आणि अंदाजानं भरलं असेल तर तो अंदाज टिंबांच्या चौकटीत. एकदा मी विचारलं, ‘काका, इथे सरळ ‘पन्हाळा’ लिहिलं तर काय बिघडतं? दुसरं काही असूच शकत नाही.’ ते म्हणाले, ‘तुला असू शकत न्हाई असं वाटतं, हे लिहिलंय मी. चौकट म्हणजे तेच की.’

हे वाक्य मी पुढे वर्गात कितीदा वापरलं, याला गणती नाही. पण त्याचा खरा उपयोग झाला तो मोडीपासून खूप लांब, राजारामपुरीतल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात.

ते दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. शाळेत असताना त्याला सनावळ्या पाठ व्हायच्या नाहीत आणि त्यावरून त्याला पुष्कळ बोलणी बसली होती. फोनची काच बदलता बदलता त्यानं मला विचारलं, ‘बाई, तुमी अजून तक्त्यावरच शिकवायलाय?’ मग त्यानं काउंटरवरचा चहाचा कप मधे ठेवला, त्याच्याभोवती फोन धरून सावकाश फेरी मारली आणि त्या फोटोंवरून संगणकात कप उभा करून दाखवला. फोटोग्रॅमेट्री म्हणतात ती हीच. एकाच वस्तूवरचा तोच ठिपका वेगवेगळ्या फोटोंत कुठे कुठे आला, हे ताडून संगणक त्याची जागा काढतो. असे लाखो ठिपके जुळले की आकार तयार होतो. ‘वस्तू हलवायची न्हाई बाई, आपण फिरायचं. आणि घाई करायची न्हाई. ह्या फोटोतलं निम्मं तरी पुढच्यात आलं पायजे.’

त्याआधी माझी उडी क्यूआर कोडपर्यंतच गेली होती. तेवढंही धैर्य दिलं ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी पुस्तकाच्या पानावर कोड चिकटवून कविता ऐकवल्या, चित्रफिती दाखवल्या. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतच असे कोड छापून आले. २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. मी त्यांना कधी भेटले नाही. पण मराठी शाळेतल्या शिक्षकानं हे करायचं असतं आणि करता येतं, हे मनात पक्कं झालं ते त्यांच्यामुळे.

दुकानातल्या त्या कपानंतर मी मुलांना विचारलं, कोल्हापुरातली कोणती एक वस्तू तुम्हाला बाकावर हवी? पन्हाळ्याचा तीन दरवाजा, खिद्रापूरचा स्वर्गमंडप, शाहू महाराजांचा रथ, अशी नावं आली. मी सुचवला तो टाऊन हॉलच्या संग्रहालयातला समुद्रदेव. वीतभरही उंच नसलेली ती कांस्याची मूर्ती मुलांनी सहलीत पाहिली होती आणि विसरली होती. ग्रीकांचा पोसायडन, ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला. पंचगंगेच्या काठी, घाटाच्या वर, समुद्रापासून इतक्या लांब हा समुद्राचा देव काय करतोय, हा प्रश्न पडला की सातवाहनांचा व्यापार, कोकणातली बंदरं, घाटवाटा, रोमन जहाजं हे सगळं आपोआप येतं. मला तोच धडा शिकवायचा होता.

तो सापडला कसा, हेही सांगायला हवं. १९४४-४५ च्या सुमाराला राजाराम कॉलेजातले प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांना ब्रह्मपुरीत कांस्याच्या वस्तूंचा साठा मिळाला. कुंदणगार भाषेचे आणि शिलालेखांचे अभ्यासक. करवीर राज्यातले कोरीव लेख त्यांनी आधीच गोळा करून छापले होते. त्या साठ्यात हा समुद्रदेव होता, आरसा होता, सुरई होती, आणि पाठीवर माणसं बसलेला तो सुंदर हत्ती होता. त्यापाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल मी पहिल्यांदा उघडला तेव्हा थोडी दमले. थर, खोली, विटांची मापं, खापरांचे कडेचे आकार, पानामागून पानं. दुसऱ्यांदा उघडला तो मुलांना ब्रह्मपुरीचं घर उभं करायचं होतं म्हणून, आणि त्या वेळी त्यातलं एकेक माप सोन्यासारखं वाटलं. भिंत किती जाड, हे आम्हाला तिथून मिळालं. ज्यांनी खड्ड्यात उतरून टेप धरली त्या मजुरांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांनी धरलेल्या टेपेवर माझा वर्ग चालतो.

मूर्तीचे फोटो घ्यायला आम्ही रीतसर परवानगी काढली. काचेच्या कपाटातली वस्तू टिपणं अवघड असतं. काचेत खिडकी दिसते, आपला चेहरा दिसतो, आणि संगणक तो चेहराही मूर्तीवर बसवायला बघतो. तिथल्या एका शिपाईमामांनी खिडकीचं दार लोटून घेतलं आणि मुलांनी आणलेली काळी छत्री उघडून ते काचेपुढे धरून उभे राहिले. छत्रीच्या काळ्या कापडानं प्रतिबिंब मेलं आणि मूर्तीच्या पोटावरच्या बारीक खाचासुद्धा दिसायला लागल्या. आम्ही सरकू तसे मामा सरकायचे. मध्येच म्हणाले, ‘इतकी वर्षं ह्याच्यासमोर बसलोय, पण पोट असं बघितलं न्हवतं.’

पाठ मात्र टिपता आली नाही. कपाट भिंतीला टेकलेलं. आणि वर उचललेल्या हातातला त्रिशूळ मुळातच हरवलेला. दुकानात बसून मॉडेल जुळवताना माझ्या विद्यार्थ्यानं पाठ मातीकाम केल्यासारखी संगणकावर भरून काढली आणि हातात एक झकास त्रिशूळ दिला. मुलं टाळ्या वाजवायला लागली. फक्त एक मुलगी गप्प होती. तिनं विचारलं, ‘बाई, ही पाठ कुणाची?’

मला काकांची टिंबांची चौकट आठवली. त्या दिवशी ठरलं: फोटोतून आलं तेवढंच कांस्याच्या रंगात, आपण भरलं ते राखाडी. पाठ राखाडी, त्रिशूळ राखाडी आणि आरपार दिसणारा. मॉडेलवर बोट ठेवलं की पाटी उघडते: हे कशावरून? नंतर वाचताना कळलं की जगभरच्या अभ्यासकांनी याच प्रश्नावर एकत्र बसून ‘लंडन चार्टर’ नावाची सनद केली आहे. २००६ मध्ये तिचा पहिला मसुदा आला, २००९ मध्ये सुधारित. संगणकावर जुनी वास्तू उभी करणाऱ्यानं पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो हे बघणाऱ्याला कळू द्यावं, हा तिचा गाभा. मंगळवार पेठेतल्या माडीवर हा नियम टाकाच्या टोकानं पाळला जात होता, याचा मला फार अभिमान वाटला.

इतिहास, भाषा, साहित्य शिकवणाऱ्यांनी या साधनांकडे बघताना हीच गोष्ट सर्वांत आधी बघावी, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर हलणारी, उजेड-सावली असलेली वस्तू खरी वाटते. पुस्तकातल्या चित्राला मूल शंका विचारतं, फिरत्या मूर्तीला विचारत नाही. म्हणून राखाडी रंग हवा. राखाडीकडे बोट दाखवून जो प्रश्न येतो, तिथे इतिहास सुरू होतो.

अडचण पैशाची होती, फोनची होती. महागड्या फोनवर चालणारी सोय आमच्या मुलांच्या घरी चालत नव्हती. पुष्कळ घरांत एकच फोन, तोही वडील कामावरून आल्यावर हाती येणारा. म्हणून कागदावरची चौकट. ती ओळखणारं साधन साध्या ब्राउझरमध्ये चालतं, ते कुणीतरी लिहून जगाला मोफत देऊन टाकलेलं आहे. मॉडेल जुळवायला वापरलं ते ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर. मूळचं हॉलंडमधल्या एका कंपनीचं. ती बंद पडल्यावर २००२ मध्ये वापरणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. आमच्याकडे तालमीसाठी, वाचनालयासाठी वर्गणी काढतात तशीच ही वर्गणी. त्यातल्या एकाही माणसाला कोल्हापूर कुठे आहे ते ठाऊक नसेल, आणि माझी मुलं त्या वर्गणीवर शिकली.

मोडीचंही तसंच झालं. अंशुमन पांडे या भाषाशास्त्रज्ञानं मोडीचा प्रस्ताव चिकाटीनं मांडला आणि २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडमध्ये मोडीला स्वतःची जागा मिळाली. आता फोनवर मोडी उमटते. मी ते काकांना दाखवायला गेले तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. अक्षर मोठं करून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘वळण छापील आहे, पण चालेल. पोरं वाचतील.’ तेवढ्यावरच त्यांनी वह्यांचे फोटो काढायला परवानगी दिली. पान आणि पान. फोटो काढताना वही दाबायची नाही, शिवण तुटते, हे मुलांना त्यांनीच शिकवलं.

२०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी पुण्यातल्या सहकाऱ्यांबरोबर मोडी कागदाचं चित्र बघून थेट देवनागरी देणारं एक प्रारूप तयार केलं. बातमी वाचली तेव्हा काका नव्हते. त्या यंत्राला शिकवण्यासाठी २,०४३ मोडी चित्रं आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरं एकत्र करावी लागली, शिवकाल, पेशवेकाल, आंग्लकाल अशा तिन्ही काळांतली. म्हणजे डावीकडे मोडी, उजवीकडे बाळबोध. प्रत्येक चित्रासमोरचं लिप्यंतर म्हणजे कुण्या तरी जाणकारानं डोळे ताणून लावलेला कागद. काका त्यांच्यात नव्हते, त्यांच्यासारखे होते. यंत्रानं मोडी वाचली असं लोक म्हणतील, तेव्हा ती आधी कुणी वाचली हे मला माझ्या वर्गात सांगता येतं.

आणि आधी कुणी मोजून ठेवलंच नसेल तर? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू केलेलं ते नाट्यगृह. शेजारीच खासबागचं कुस्तीचं मैदान. सकाळी खासबागेत आम्ही सगळेच उभे होतो, मोठी माणसं उघड रडत होती. छत कोसळलं होतं, रंगमंच जळाला होता, दगडी भिंती तेवढ्या उभ्या. ज्या वास्तूच्या रंगमंचावर आमच्या शाळेची स्नेहसंमेलनं झाली, तिचं एकही धड मोजमाप शाळेकडे नव्हतं. पुनर्बांधणी सरकारनं हाती घेतली आहे, नकाशे अभियंत्यांकडे आहेत. पण मुलांना ते आतून कसं होतं हे स्वतः उभं करायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी घराघरांतले फोटो मागायला सुरुवात केली.

फोटो खूप आले. बालनाट्याचे, भजनाचे, बक्षीस समारंभाचे, साठीच्या सत्काराचे. सगळ्यांत माणसं पुढे आणि नाट्यगृह मागे. आम्ही बघत होतो ते मागचं: खांबाचा कोपरा, सज्जाचा कठडा, पडद्याची कड. हसणाऱ्या आजीच्या खांद्यावरून दिसणारी भिंत कोणती, यावर मुलं तासभर भांडायची. एखाद्या फोटोवर तारीख नसेल तर मीही काकांसारखीच आधी तिच्या मागे लागायची: मागचा फलक, साड्यांची पद्धत, कुणाच्या तरी बहिणीची तेव्हा इयत्ता कितवी होती. फोटोंतून प्रेक्षागृह बरंच जमलं. रंगमंचामागची जागा मात्र सगळी राखाडी राहिली, कारण तिथे कुणी फोटो काढत नाही.

मग एका मुलानं आपल्या आजोबांच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांना शाळेत आणलं. त्यांनी उमेदीच्या काळात तिथे पडदे ओढले होते, सेट लावले होते. फोनवरचं मॉडेल त्यांना नीट दिसेना. ते म्हणाले, ‘मला ते यंत्र नको. मी चालून दाखवतो.’ मैदानात मुलांनी फक्कीनं रंगमंचाची पुढची कड आखली. त्यांनी डोळे मिटले, हात पाठीमागे बांधले आणि चालायला लागले. अंधारात सेट बदलायचा म्हणून पावलं मोजून पाठ केलेली होती. विंगेतून मध्यापर्यंत, मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून रंगपटाच्या दारापर्यंत. एका ठिकाणी थांबून म्हणाले, ‘इथं पायरी होती, लई जण अडखळायचे.’ मुलांनी त्यांच्या पावलांमागे खुणा केल्या. वय झाल्यानं पाऊल आखूड पडतंय हे त्यांनीच सांगितलं, म्हणून पुढच्या कडेची खरी लांबी धरून आम्ही त्यांचं पूर्वीचं पाऊल काढलं.

ती जागा आता मॉडेलमध्ये भरली आहे. कडा टिंबांच्या आहेत. पाटीवर मुलांनी लिहिलं आहे: मोजणी – पडदेवाले आजोबा, चालून. पायरीची उंची अजून कळलेली नाही. अडखळलेल्या नटांचा शोध चालू आहे.